संगीत-विभागाचे जलसे

जयपुरास बदलून आलेल्या मराठी माणसाला पुण्या-मुंबईचे आप्तेष्ट एक प्रश्न हटकून विचारतात : "तिकडे आता जयपूर घराण्याचे गाणे भरपूर ऐकायला मिळत असेल, नाही?" विचारणाऱ्याचा त्यात दोष नाही. ज्या गावाचे नाव केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर आणि किशोरी आमोणकर यांच्या नावांमागे आपण आयुष्यभर ऐकत आलो, त्या गावी ते गाणे असणारच, असे कोणासही वाटेल. परंतु या गाण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ यांचा जन्म १८५५ मध्ये जयपूर राज्यातील उणियारा या ठिकाणी झाला, घराणे मूळचे अत्रौलीचे, आणि त्यांच्या कीर्तीचे दिवस गेले ते कोल्हापुरास शाहू महाराजांच्या पदरी व पुढे मुंबईस. मुंबईतच १९४६ साली त्यांचे देहावसान झाले. गाणे खाँसाहेबांच्या बरोबर दक्षिणेस गेले आणि जयपुरास केवळ नाव उरले. कथकाच्या बाबतीत असे झाले नाही. त्याचे जयपूर घराणे येथे नांदते आहे आणि त्याच्यासाठी १९७८ पासून जयपूर कथक केंद्र उभे आहे. ख्यालाच्या वाट्यास असा आश्रय आला नाही.

मग येथे वर्षाकाठी नियमाने ऐकावयास मिळते ते काय? मोठे कलावंत जवाहर कला केंद्रात किंवा रामनिवास बागेतील रवीन्द्र मंचावर येतात आणि गाऊन जातात. ते पाहुण्यांचे गाणे. नेमाने, ऋतुमानाप्रमाणे, स्वतःच्या घरचे म्हणून जे गाणे या शहरात होते ते महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठाच्या संगीत-विभागांतून. वार्षिक जलसे, परीक्षेच्या निमित्ताने होणारी प्रात्यक्षिके, वसंतपंचमीचे सरस्वतीपूजन आणि एखाद्या निमंत्रित कलावंताची सप्रयोग व्याख्याने, असे त्यांचे साधारण स्वरूप असते. प्रवेश मुक्त असतो. वेळही बहुधा अशी असते, की कार्यालय सुटल्यावर स्कूटरने निघाले तर निम्मा कार्यक्रम पदरात पडतो. गेली काही वर्षे असे निम्मे कार्यक्रम मी बरेच ऐकले आहेत, आणि रजा शिल्लक असेल तेव्हा पुरतेही ऐकले आहेत. या कार्यक्रमांची समीक्षा कोणी करीत नाही. वृत्तपत्रांत दुसऱ्या दिवशी दीपप्रज्वलनाचे छायाचित्र आणि गाणाऱ्यांच्या नावांची यादी येते. त्यात कोण कसे गायले याचा एक शब्द नसतो. विद्यार्थ्यांच्या गाण्याची काय समीक्षा करावयाची, असा सौजन्याचा भाव त्यामागे असावा. हे सौजन्य मला उपेक्षेचेच दुसरे नाव वाटते.

प्रथम या जलशाचा साचा पाहू. एका विद्यार्थिनीस साधारणपणे १२ मिनिटे मिळतात. एवढ्यात तिने बडा ख्याल, छोटा ख्याल आणि जमल्यास तराणा म्हणून दाखवावा अशी अपेक्षा असते, कारण अभ्यासक्रमात तिन्ही आहेत आणि समोर बसलेल्या परीक्षकवजा पाहुण्यांस तिन्ही दिसले पाहिजेत. आता साधा हिशेब करू. आमच्या पेशास तो शोभतो. विलंबित एकतालात मिनिटाला १५ मात्रांची लय धरली, तर १२ मात्रांचे एक आवर्तन ४८ सेकंदांचे होते. बारा मिनिटांतून आरंभीच्या आलापीचे एक मिनिट आणि द्रुत चीज व तराणा यांची पाच मिनिटे वजा जाता सहा मिनिटे उरतात. म्हणजे साडेसात आवर्तने. त्यांतली तीन स्थायी आणि अंतरा म्हणण्यात जातात. उरलेल्या साडेचारांत यमनाची बढत, बोलआलाप, सरगम आणि ताना! हे गाणे नव्हे, ही सूची झाली. परीक्षा घेणाऱ्यास ती तपासता येते, पण ऐकणाऱ्याच्या हाती राग लागत नाही.

याचा दोष त्या मुलीकडे जात नाही. मोठ्या मैफलीचा आकार लहान करून तिच्या अंगावर चढविला आहे, हा खरा दोष. वडिलांचा कोट आखडून मुलास घातला तर बाह्या जशा विचित्र दिसतात, तसा तो विलंबित ख्याल दिसतो. ज्या आकाराचे सौंदर्यच मुळी सावकाशीत आहे, तो घाईने उरकावयाचा आणि मग म्हणावयाचे की आजच्या पिढीस धीर नाही.

येथे एक चमत्कारिक गोष्ट नजरेस आणावीशी वाटते. या अडचणीचे उत्तर ज्या गायकीत आहे तिलाच या शहराचे नाव आहे. जयपूर गायकीत ख्यालाआधी लांब आलाप मांडण्याची रीत नाही. चीज सुरू झाली की तालाच्या अंगाने आणि चिजेच्या धाग्याने राग उलगडू लागतो. लय अतिविलंबित नसते. पुष्कळदा ती तीनतालाची, मात्रा न मात्रा जाणवणारी अशी असते. प्रत्येक आवर्तन हे एक पुरे वाक्य. त्याची उठावणी, त्याचे वळण आणि मुखड्यासह समेवर येणे, सारे त्या १६ मात्रांच्या आतच सिद्ध व्हावयाचे. म्हणून त्या गायकीतले पाच मिनिटांचे गाणेही अपुरे वाटत नाही. ज्यांस हे विधान धाडसाचे वाटेल त्यांनी केसरबाईंच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या ऐकाव्यात. अशा तबकडीची एक बाजू सुमारे तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात राग उभा राहतो, चीज उभी राहते, आणि तान येते तीही चिजेच्या अंगाबाहेरची वाटत नाही. आता या तबकड्या मोबाईलवरही ऐकावयास मिळतात आणि विद्यार्थ्यांच्या खिशात तो असतोच. बारा मिनिटांचे बंधन ज्या विभागांस आहे त्यांनी विद्यार्थ्यांपुढे नमुना म्हणून हेच गाणे ठेवावयास हवे होते. प्रत्यक्षात नमुना असतो तो तासाभराच्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणाचा.

अर्थात या गायकीचे अनुकरण सोपे आहे असे कोणी समजू नये. वामनराव देशपांडे यांनी १९६१ च्या 'घरंदाज गायकी'त स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये घराण्यांची जी मांडणी केली, तीत जयपूरला दोहोंच्या समतोलाची जागा दिली. वामनराव व्यवसायाने हिशेबतपासनीस. (आकडेमोडीत दिवस काढणाऱ्यास गाण्यावर लिहिता येत नाही असे मानणाऱ्यांसाठी ही माहिती नोंदवून ठेवतो.) त्यांच्या मांडणीवर पुढे आक्षेप घेतले गेले, आणि ते सगळेच गैरलागू नाहीत. परंतु समतोलाची ती गोष्ट विद्यार्थ्यांचे गाणे ऐकताना वारंवार आठवते. येथील विद्यार्थ्यांना स्वर बऱ्यापैकी शिकविला जातो आणि तालही शिकविला जातो, पण वेगवेगळ्या तासिकांत. जलशात त्यांची गाठ पडते तेव्हा दोघे एकमेकांस अनोळखी असतात. गाणारी मुलगी आलाप करते तेव्हा तबला लांब कोठेतरी वाजत असतो, आणि सम जवळ आली की ती एकदम सावध होते, गाडीची वेळ झालेल्या प्रवाशासारखी.

तंबोऱ्याविषयी मात्र अधिक कठोर बोलावयास हवे. एका विभागाच्या सभागृहात चार उत्तम तंबोरे गवसण्यांत गुंडाळून भिंतीशी उभे केलेले मी पाहिले. व्यासपीठावर विजेचा तंबोरा लावला होता, एवढीशी पेटी, आणि तिच्या शेजारी ध्वनिक्षेपक. चौकशी करता असे कळले की तंबोरे जुळविण्यास वेळ लागतो आणि हवामानाने ते उतरतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जयपूरची कोरडी हवा आणि दिवस मावळल्यावर एकाएकी पडणारी थंडी तारांना सोसत नाही. परंतु जुळविण्यास वेळ लागतो तोच तर शिक्षणाचा वेळ! खर्जाची तार लागली की तिच्यातून आपोआप उमटणारा गंधार कानास ओळखता येणे, जवारीचा दोरा किंचित सरकविला म्हणजे सारा नाद कसा उघडतो हे बोटांस कळणे, यात गाणाऱ्याचे निम्मे शिक्षण असते. संगीत-विभागात तीन वर्षे काढलेल्या विद्यार्थ्याने तंबोरा जुळवून दाखविणे हा जलशातील पहिला कार्यक्रम असावा, असे मला वाटते. श्रोत्यांनी तो पाहावा. पाच मिनिटे लागतील, दहा लागतील. समूहगानाच्या जमवाजमवीत याहून अधिक वेळ जातो.

निवेदनाविषयी थोडक्यात. ते अलंकारिक हिंदीत असते, त्यात सरस्वतीमाता, चंद्रमा आणि स्वरगंगा येतात, आणि रागाचे नाव मात्र कधीकधी राहून जाते.

एवढे लिहिल्यावर कोणी म्हणेल, की मग हे जलसे ऐकावयास जावेच कशाला? दोन कारणांसाठी. पहिले असे. व्यासपीठावर बसणाऱ्यांत आणि समोर बसलेल्यांत बहुसंख्या मुलींची असते, आणि ही गोष्ट आपण फार सहज धरून चालतो. केसरबाई आणि मोगूबाई गोव्याच्या कलावंत समाजातून आल्या. त्या काळी कुलीन म्हणविणाऱ्या घरांतील मुलीने चारचौघांत गाण्यास बसणे अब्रूचे मानले जात नव्हते, आणि ज्या घरांत गाण्याची परंपरा होती त्यांतील मुलींनाही उस्तादाकडून विद्या मिळविणे किती दुष्कर होते हे या दोघींच्या चरित्रांवरून दिसते. केसरबाईंनी अनेक गुरूंकडे तुटक तुटक शिक्षण घेतल्यावर १९२१ साली अल्लादियाखाँसाहेबांचा गंडा बांधला आणि पुढे खाँसाहेबांच्या अखेरीपर्यंत त्या शिकत राहिल्या. मोगूबाईंच्या शिक्षणात तर इतके खंड पडले, की दुसऱ्या कोणीही नाद सोडला असता. ज्या देशात अशी स्थिती होती तेथे आज शेखावटीतल्या एखाद्या गावची, घरात कोणी न गाणारी मुलगी प्रवेशअर्ज भरून, नाममात्र शुल्क देऊन संगीत शिकते आणि वडील पहिल्या रांगेत बसून ते ऐकतात. अशा एका वडिलांस मी पाहिले आहे. डोक्यास साफा, पायांत मोजडी, आणि मुलीचे गाणे चालू असता नजर सारखी जमिनीकडे. त्यांना तोडी आणि भैरवी यांतील भेद कळत होता की नाही हे मला माहीत नाही. पण टाळ्या पडल्या तेव्हा त्यांनी मान वर करून टाळ्या वाजविणाऱ्यांकडे पाहिले, मुलीकडे नव्हे. संगीत-विभागाची पदवी तीन वर्षांत गवई घडवीत नाही अशी टीका सरसकट होते आणि ती खरीच आहे. केसरबाईंची पंचवीस वर्षे कोठे आणि ही तीन वर्षे कोठे! परंतु विभागाने या दारातून कोणास आत घेतले, याचाही जमाखर्च मांडावयास हवा.

दुसरे कारण असे, की अधूनमधून खरे गाणे कानी पडते. गेल्या हिवाळ्यात एका विद्यार्थिनीने बिहाग गायला. आवाज मोठा नव्हता. वरचा षड्ज लागताना तो किंचित पातळ होई. तिने बडा ख्याल घेतलाच नाही. मध्यलय तीनतालातील एकच चीज घेतली आणि दहा मिनिटे तिच्यातच राहिली. तीव्र मध्यम तिने फार बेताने लावला, पंचमाच्या आधाराने, आणि निषादावर ती दर वेळी निराळ्या वाटेने येऊन थांबली. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला सभागृहातली कुजबूज थांबली. तान एकच घेतली, ती सरळ, खाली उतरणारी. तिला तराण्याची सूचना करणारी एक चिठ्ठी समोरून व्यासपीठावर गेली. तिने ती वाचली, पेटीखाली सारली आणि चीज पुरी केली. त्या दिवशी परीक्षकांनी तिला किती गुण दिले हे मला ठाऊक नाही. सूचीत एक रकाना रिकामा राहिला एवढे खरे. पण त्या संध्याकाळी बिहाग ऐकला असे म्हणता येईल, आणि असे म्हणण्याचा योग तिकिटाच्या मैफलींतही फार वेळा येत नाही.

या मुलीने जे केले ते विभागाच्या धोरणातून का घडू नये? अभ्यासक्रमाकडे बोट दाखविले जाते आणि अभ्यासक्रमामागे भातखंड्यांचे नाव घेतले जाते. हा त्यांच्यावर अन्याय आहे. विष्णु नारायण भातखंडे वकिली करणारे गृहस्थ. संग्रहाच्या ध्यासाने देशभर हिंडले. जयपुरास त्यांना मनरंगांच्या परंपरेतील महंमद अलीखाँ 'कोठीवाल' भेटले आणि त्यांच्या घराण्याच्या अनेक चिजा भातखंड्यांनी मिळवून स्वरलेखनात बांधल्या. म्हणजे ज्या क्रमिक पुस्तकांवरून आज येथील विद्यार्थी शिकतात त्यांत या शहराचेच धन आहे, मुंबईची फेरी करून परत आलेले. भातखंड्यांना ग्रंथाचे मोल कळत होते आणि उस्तादाच्या तोंडचे गाणे ऐकण्याचेही. स्वरलेखन त्यांनी स्मरणास आधार म्हणून दिले. ते म्हणजेच गाणे असे समजण्याची चूक त्यांच्या पुढील लोकांची.

जयपूर आणि महाराष्ट्र यांच्यातील ही देवघेव याहूनही जुनी आहे. सवाई प्रतापसिंह यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या दरबारातील गुणीजनांकडून 'संगीतसार' हा विस्तृत ग्रंथ तयार करविला. तो छापून प्रसिद्ध केला पुण्याच्या गायन समाजाने, १९१० ते १९१२ या काळात. महाराजा रामसिंहांच्या राजवटीत, म्हणजे १८८० पर्यंत, येथील गुणीजनखान्यात बहरामखाँ डागर यांच्यासारखे ध्रुपदिये होते. मुबारक अलीखाँ यांचे ख्यालगायनही याच शहरात ऐकावयास मिळे आणि तरुण अल्लादियाखाँवर त्याचा खोल परिणाम झाला. गुणीजनखाना हे राज्याचे एक खातेच होते. नोंदवह्या, वेतने आणि हजेरी सगळे तेथे होते. १९४९ मध्ये राजस्थान राज्य झाले आणि ही व्यवस्था इतिहासजमा झाली. १९५० मध्ये स्थापन झालेले राजस्थान संगीत संस्थान आणि नंतर विद्यापीठ व महाविद्यालयांतील विभाग हे एका अर्थी त्या खात्याचे वारस. फरक एवढाच की गुणीजनखान्यास श्रोता निर्माण करावयाचा नव्हता. तेथे श्रोता ठरलेला होता आणि सिंहासनावर बसलेला होता. विभागास मात्र गाणाऱ्याबरोबर ऐकणाराही घडवावा लागतो. वर्गातील वीस जणांतून एखादाच पुढे मैफल करील. उरलेले शिक्षक होतील, बँकेत जातील, आमच्यासारखे कार्यालयांत येतील, संसारास लागतील. ते एकोणीस जण चांगले ऐकणारे झाले तर विभाग यशस्वी झाला. जलशाची रचना या एकोणीस जणांकडे पाहून कोणी करीत नाही.

ती कशी करता येते याचे उदाहरण मुंबईचे आहे. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक अशोक दा. रानडे यांनी बैठकीची लावणी, देवगाणी यांसारखे विषय घेऊन गायन आणि विवेचन एकत्र गुंफणारे कार्यक्रम केले. एक प्रश्न धरून सारी संध्याकाळ तिच्याभोवती बांधावयाची, आणि गाणारे अनेक असले तरी कार्यक्रम एकच राहावयाचा, अशी ती रीत. जयपूरच्या विभागांना असे विषय शोधण्यास लांब जावे लागणार नाही. एकट्या मांडावर एक संध्याकाळ होईल. बिकानेरच्या अल्ला जिलाईबाईंनी गायलेला मांड, पश्चिम राजस्थानातील मांगणियारांचा मांड, मैफलीत ठुमरीच्या अंगाने येणारा मांड, आणि आपल्या नाट्यपदांत शिरलेला मांड, हे सारे एका बैठकीत विद्यार्थ्यांनी गाऊन दाखविले आणि मध्ये कोणी चार शब्द नीट सांगितले, तर श्रोता घरी काहीतरी घेऊन जाईल. शेवटच्या प्रकारासाठी येथील मराठी मंडळी मदत करतील. गणेशोत्सवात नाट्यगीते म्हणणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही; श्रोत्यांची असते.

आणि दुसरा विषय उघडच आहे. अल्लादियाखाँसाहेबांचे जन्मस्थान उणियारा टोंक जिल्ह्यात आहे. ज्या वनस्थळी विद्यापीठात मुलींच्या संगीतशिक्षणास आरंभापासून महत्त्वाचे स्थान आहे, तेही त्याच जिल्ह्यात. त्या गाण्याची एखादी संध्याकाळ उणियाऱ्यास ठेवता येईल काय, असे मी येथील एका प्राध्यापकांस विचारले. विद्यार्थ्यांनी बिहागडा, नटकामोद, सावनी असे त्या परंपरेत रुळलेले राग बारा-बारा मिनिटे गावेत, एवढीच माझी कल्पना. प्राध्यापकांस ती आवडली. "बाबूजी, बसचे काय?" एवढेच ते म्हणाले. चाळीस आसनांची बस, जाणे-येणे, दोन वेळचे भोजन आणि चार तंबोऱ्यांसाठी वेगळी जागा, असा खर्चाचा तक्ता करून मी त्यांस दिला आहे. तंबोऱ्यांच्या जागेपुढे त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले. ते मी खोडून परत पाठविले.